एक मिनिट पुढचं चित्र

चित्र बिघडलं की आधी वायर बघायची, मग पिन... माझी विचार करायची सवय एवढीच. त्यामुळे असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी हसून उठायचो. आजही ‘भूत’ म्हणत नाहीये. झालं ते लिहितो.

जव्हारला माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. गेल्या मे महिन्यात खोडाळ्याला लग्नाची ऑर्डर होती. कॅमेऱ्यावर माझा जोडीदार, जामसरचा यशवंत. तो स्टेजवरून मांडवाचं शूटिंग करत होता. स्टेजजवळचा मॉनिटर थेट कॅमेऱ्याला जोडलेला. माझ्या टेबलावरचा जुना, म्हणून मध्ये सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर; त्यातूनच लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही चालू. कन्व्हर्टरमधून गेलेलं चित्र जरा मागे पडतं, ते दुसऱ्या मॉनिटरशी जुळवावं लागतं.

दुपारचा एक वाजला असेल. माझ्या मॉनिटरवरचं चित्र मागे नव्हतं... पुढे होतं.

फोनवर यशवंतला म्हटलं, “कॅमेऱ्यासमोर हात आण जरा.”

हात आधी मॉनिटरवर दिसला. यशवंतने तो नंतर उचलला. पाच सेकंदांनी तरी.

“अश्फाकभाई, झालं का सेट?”

“थांब,” म्हटलं. वायर बदलली, कन्व्हर्टर बंद करून चालू केला. आता मॉनिटरवर मांडवाचं कापड वाऱ्याने फुगलेलं. मागचा लोखंडी खांब, वर बांधलेल्या स्पीकरसकट, कलला आणि नवरीच्या आजीवर कोसळला. माणसं धावली.

मान वर केली. कापड हलतही नव्हतं. आजी त्याच खुर्चीत बसून पानाला चुना लावत होती.

मी धावतच गेलो. “आजी, उठा इथून.”

“काय रं, मी कोणाच्या वाटेत बसले का?”

“नाही... स्टेजवर फोटो काढायचाय तुमचा.”

पान लावून होईस्तोवर ती उठेना. शेवटी दंडाला धरून उठवलं. मॉनिटरवर पाहिल्याला जेमतेम मिनिट झालं असेल; दहा-बारा पावलं चाललो असू, मागून वारा आला. खांब पडला तेव्हा खुर्ची रिकामी होती. तिचे तुकडे झाले.

सगळे म्हणाले, तुझं लक्ष होतं म्हणून वाचली.

संध्याकाळी दुकानात रेकॉर्डिंग तपासलं. कॅमेऱ्याच्या कार्डवर सगळं घडलं तसंच — मी धावतो, आजी उठते. कन्व्हर्टरमधून लॅपटॉपवर गेलेल्या रेकॉर्डिंगमध्ये आजी खुर्चीतून उठत नाही, खांब तिच्यावरच पडतो. त्यात त्यानंतरची वीस मिनिटंही आहेत. नवरी जमिनीवर बसून रडतेय. आणि कोपऱ्यात, टेबलापाशी, मी उभा आहे. मॉनिटरकडे बघत. जागचा हललेलो नाही.

यशवंतने दोन्ही पाहिली. मग म्हणाला, “हे तिच्या घरी दाखवू नको.”

नाही दाखवलं. ठाण्याच्या एका टेक्निशियनला विचारलं, तो म्हणाला फायली मिसळल्या असतील. पण जे घडलंच नाही, त्याची फाइल मिसळायला आली कुठून?

आजी ठणठणीत आहे. खोडाळ्याच्या बाजारात दिसली की लांबून हाक मारते, हात धरून बोलत बसते. मी हो हो करतो... पण तिच्या तोंडाकडे माझ्याने बघवत नाही.