वीस ग्रॅमचं शहाणपण

धाकटा दोन महिने आधीच आला, आणि त्यानंतरचे पाच आठवडे मला सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात, पाण्याखालून बघितल्यासारखे. काचेच्या पेटीतला निळसर उजेड. त्यात पसाभर जीव. खिडकीबाहेर डिसेंबरचं धुकं, आणि धुक्यात कुठेतरी शहरातल्या द्वारका चौकातले हॉर्न, इतके लांबचे की ते दुसऱ्याच गावचे वाटायचे. रोज सकाळी नर्स त्याचं वजन करून मला आकडा सांगायची. चौदाशे दहा ग्रॅम. चौदाशे तीस. एक दिवस घसरून चौदाशे पंधरा. तिच्या चेहऱ्यावर काहीही नसायचं. मी मात्र तो आकडा दिवसभर मनात घोळवत बसायची.

मोठी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला आम्ही शहराबाहेर, मखमलाबादच्या पुढे, माझ्या नणंदेकडे ठेवलं होतं. नणंदेला मी ताई म्हणते. ताईचा फुलांचा मळा आहे: झेंडू, शेवंती, कडेला थोडी बिजली. संध्याकाळी मी फोन करून आकडा सांगायची, ताई तो तिकडे मोठ्याने सगळ्यांना सांगायची, मग मोठीशी दोन शब्द बोलणं व्हायचं. "रडत नाही ना?" "नाय गं, लय शहाणी पोर हाय." तेवढं ऐकलं की मला झोप यायची.

पाच आठवड्यांनी आम्ही सगळे घरी आलो. धाकटा हळूहळू इतर मुलांसारखा दिसू लागला, पुढे इतर मुलांसारखा ओरडूही लागला. मोठी मात्र शहाणीच राहिली. पाणी पिऊ का, असं विचारून पाणी प्यायची. भावाने खेळणं ओढलं की देऊन टाकायची. तिचा एक शब्द ठरलेला होता, "चालेल." नवा फ्रॉक नाही घेतला तर? चालेल. बागेत उद्या जाऊ? चालेल. नातेवाईक यायचे आणि म्हणायचे, "किती समजूतदार हो!" आणि मी, जिने सार्वजनिक वाचनालयात नोकरी करता करता बालमानसशास्त्राचं अर्धं कपाट वाचून काढलं होतं, ती नम्रपणे मान खाली घालायची, जणू हे माझंच कर्तृत्व.

दुसरीत गेल्यावर तिचं पोट दुखायला लागलं. सकाळी, शाळेच्या वेळेला. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं. काहीही निघालं नाही.

त्याच सुमारास शाळेत 'मुलांचे मानसिक आरोग्य' या विषयावर मोठा समारंभ झाला. मुलं नऊपासून मैदानात मांडी घालून बसलेली. पाहुणे पावणेअकराला आले. दीपप्रज्वलनात वाऱ्याने तीन वेळा ज्योत विझवली, चौथ्यांदा एका शिपायाने ओंजळ धरली आणि पाहुण्यांनी ज्ञानाचा प्रकाश पसरवला. "मुलांना मुलांसारखं वागू द्या," असं पाहुणे म्हणत होते तेव्हा एक बाई रांगांमधून ओठांवर बोट ठेवून फिरत होत्या. मग बक्षिसं झाली. 'समजूतदार विद्यार्थिनी' म्हणून माझ्या मुलीचं नाव पुकारलं. पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर चमकीचा पट्टा अडकवला आणि माईक पुढे धरला, "बेटा, कसं वाटतंय?"

"चालेल," ती म्हणाली.

सगळं मैदान हसलं. मीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची लाज वाटायला मला बराच वेळ लागला.

शाळेच्या समुपदेशक बाईंना व्यासपीठावर खुर्ची नव्हती. तरुण पोरगीच होती ती. मागच्या रांगांतल्या मुलांना कळशीतून पाणी देत फिरत होती. मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी त्या दिवशी झालेलं काम म्हणजे तेवढंच. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली.

"तुमची मुलगी घरी हट्ट करते का हो?"

"कधीच नाही," मी म्हणाले. परीक्षेतले गुण सांगावेत तसं.

तिने अभिनंदन केलं नाही. "वर्गात पोट दुखतं म्हणून कितीदा झोपते ती. कोणत्या दिवशी दुखतं, बघाल का जरा? आणि हट्ट केला तर करू द्या."

"करतच नाही, तर करू काय देणार?"

"हो," ती म्हणाली, "तेच."

पुढचे काही आठवडे आमचं घर एका हट्टाची वाट बघत होतं. मी सलग तीन दिवस दोडका केला. चालेल. बागेत जायचं कबूल करून ऐन वेळी रद्द केलं. चालेल. नवरा म्हणाला, "हिला बिघडवायचा क्लास लावावा लागणार." मी पोटदुखीचे दिवस वहीत लिहीत होते, आणि त्यांचा मेळ कशाशीच बसत नव्हता. आदल्या दिवशी मैत्रिणीशी भांडण. आदल्या दिवशी दूध सांडलं. आदल्या दिवशी काहीच नाही, फक्त ती जरा जोरात हसली म्हणून मी "शू" म्हटलं होतं.

एक गोष्ट मात्र मी रोज बघत होते आणि लिहीत नव्हते, कारण ती गोड होती. शाळेला निघताना ती भावाला काखेत धरून वीतभर वर उचलायची, क्षणभर तशीच थांबायची आणि खाली ठेवायची. मग दप्तर घ्यायची. हे मी चारचौघांत कौतुकाने सांगत असे. एका सकाळी धाकट्याने दूध प्यायलं नव्हतं. तिने त्याला उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. आणि पोटावर हात ठेवून पायरीवर बसली.

मी शेजारी बसले. "उचलून काय बघतेस गं?"

"वजन."

"कशाला?"

"कमी नाही ना झालं."

"कशाने कमी होईल?"

माहीत असूनही मी विचारतेय, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. "काल मी मैत्रिणीवर ओरडले ना."

मग ते सगळं वर आलं. संध्याकाळचे फोन, स्पीकर लावलेला, ताईचा आनंदी आवाज: "बघ, आज तू शहाण्यासारखी जेवली ना? बाळ वीस ग्रॅम वाढलं!" आणि ज्या दिवशी चौदाशे पंधरा झालं, त्या दिवशी म्हणे तिने दुपारी आईसाठी भोकाड पसरलं होतं. ताई काही रागावली नव्हती. नुसतं म्हणाली होती, "बघ, कमी झालं." पाच वर्षांच्या मुलीला यापेक्षा पक्का पुरावा कुठला लागणार? दोन वर्षं ती एकटीने, कोणालाही न सांगता, भावाचा जीव सांभाळत होती.

"तसं नसतं राणी," मी म्हणाले. "तुझ्या वागण्याचा आणि वजनाचा काही संबंध नाही."

"चालेल," ती म्हणाली.

रविवारी आम्ही मळ्यावर गेलो. ऊन अजून कोवळं होतं आणि धुकं झेंडूच्या ओळींवर पांढऱ्या ओढणीसारखं पडून होतं. माणसं त्यातून कमरेपर्यंतच दिसायची, तरंगत तरंगत तोडणी करत असल्यासारखी. धाकटा एका ओळीत शिरला आणि दिसेनासा झाला. नुसती फुलं हलत होती. मोठी ती हलणारी जागा एकटक बघत होती.

मी ताईला बाजूला घेऊन सांगितलं. तिचा चेहरा उतरला, मग चढला.

"पाच आठवडे पोटच्या पोरीसारखी सांभाळली. आता मीच वाईट का?"

"वाईट कोण म्हणतंय ताई?"

"दिवसभर फाटकाकडं बघत बसायची ती. मला बघवायचं नाय. म्हणलं, हिला काहीतरी काम पायजे, मन लागंल. बाळ वाढवायचं काम दिलं. खुश व्हायची गं पोर!"

"तिला एकदा सांगा ना, की ते खरं नव्हतं."

"मोठ्या माणसानं लेकराला सांगायचं, मी खोटं बोलले? काय किंमत राहील माझी?" असं म्हणून ती शेडमध्ये फुलांच्या जाळ्या, म्हणजे प्लास्टिकचे क्रेट, भरायला निघून गेली.

म्हणून मी विज्ञानाकडे वळले. झेंडूच्या ओळींना लागूनच असलेल्या त्या शेडमध्ये फुलं मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. मी मोठीला म्हटलं, आपण प्रयोग करू. आधी भावाचं वजन, मग तुझा हट्ट, मग पुन्हा वजन. कल्पना मला फार आवडली होती. वाचलेल्या माणसाला आपल्या कल्पना आवडतातच.

धाकट्याला काट्यावर बसवलं. अकरा किलो दोनशे साठ. तिने आकडा दोनदा वाचला.

"आता हट्ट कर."

"कशाचा?"

"कशाचाही."

तिने बराच विचार केला. मग हळूच म्हणाली, "मला फुगा पाहिजे?"

जाळी भरता भरता ताई खुदकन हसली. "असा हट्ट असतो व्हय? पाय आपट की!"

तिने दोनदा पाय आपटले, रोपावर पडणार नाहीत असे जपून. एवढ्यात काट्यावरून उतरून पळालेल्या धाकट्याला मी ओळींतून पकडून आणलं आणि पुन्हा बसवलं.

अकरा किलो एकशे पन्नास.

तिचा चेहरा पांढरा पडला. हात पोटाकडे गेला.

"बूट!" मी ओरडले. "अगं, त्याचा एक बूट पडलाय! बुटाचं वजन आहे ते!" आणि मी गुडघ्यांवर बसून झेंडूत बूट शोधायला लागले. ओल्या मातीत हात घालत, वजाबाकी समजावत. ती ऐकत नव्हती. ती भावाच्या अंगठ्याकडे बघत होती, तो बाहेर आलेला गुलाबी अंगठा आत्ताच वाळायला लागेल अशी.

ताईने जाळी खाली ठेवली. येऊन तिच्यासमोर मातीतच बसली.

"बाई, इकडं बघ. मी खोटं बोलले व्हते."

"काय?"

"वजनाचं. बाळ दुधानं वाढत व्हतं. औषधानं. तुझं त्यात काय नव्हतं. तू रडली असती, लोळली असती, तरी वाढलंच असतं."

"मग का सांगितलं?"

"तू गप राहावी म्हणून." ताईने पदराने तोंड पुसलं. "तुझ्यासाठी नाय. माझ्यासाठी."

मुलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आई, तुला माहीत होतं?"

हाच प्रश्न मी पायरीवर बसल्यापासून चुकवत होते. सगळा दोष मळ्यावर आणून टाकायचा आणि संध्याकाळपर्यंत घरी परतायचं, असा माझा बेत होता. पण फोनच्या दुसऱ्या टोकाला मीच होते. "हो गं राणी, तू शहाणी आहेस म्हणूनच वाढतंय," हे मी म्हटलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा, काचेच्या पेटीवर कपाळ टेकवून.

"हो," मी म्हणाले. "मीही खोटं बोलले."

धुकं विरत होतं. शेवंतीवर मधमाश्या आल्या होत्या आणि त्यांचा एकसुरी आवाज सगळ्या मळ्यावर पसरला होता, इतका मऊ, की आम्ही चौघं कुठल्या तरी जुन्या दुपारी गोठून गेलोय असं वाटलं.

मग ती म्हणाली, "मी शेपू खाल्ला."

"काय गं?"

"इथे. रोज. मला शेपू आवडत नाही." आवाज चढला. "मला आवडतच नाही शेपू! रोज खाल्ला मी! रोज!"

तिने जाळीला लाथ मारली. झेंडू गडगडत शेडभर पसरला. भावाला सदऱ्याला धरून तिने काट्यावरून खाली ओढलं; तो रडायला लागला, तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती स्वतः काट्यावर बसली, गुडघे पोटाशी घेऊन, आणि रडायला लागली. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत.

रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. फुलबाजारात माल जायची वेळ झाली होती.

"उतर गं माझी बाय," ताई म्हणाली. "वजन करायचंय फुलांचं."

"नाही."

"मग कधी उतरशील?"

"नाही!"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी धाकट्याला कडेवर घेतलं आणि तिथेच उभी राहिले. हॉर्न पुन्हा वाजला. टेम्पोवाला कुंपणाशी आला, "काय हो, भरायचं का?"

"थांब रे जरा," ताई ओरडली. "काटा मोकळा नाय."

रिकामी जाळी उपडी घालून ताई तिच्याजवळ बसली. मीही बसले. तिच्या प्रत्येक हुंदक्यासरशी काट्यावरचे लाल आकडे पळत होते, एकवीस, बावीस, पुन्हा एकवीस, आणि कुठल्याच एका आकड्यावर ठरत नव्हते.