विसाव्या दिवसाची अंडी

आमच्या मंद्रूपच्या दगडाबाई मूळच्या सांगोल्याकडच्या धनगराच्या. नवरा गेल्यावर त्यांनी मेंढरं विकली आणि अंडी उबवायचं मशीन घेतलं. मुलगा अजिनाथ पुण्याला बोलवून थकला. तिथं चौथ्या मजल्यावर बसून कबुतरं मोजू का, असं त्या मला, शेजारणीलाच, विचारायच्या. पण लाईटच्या पायी अंड्यांच्या दोन खेपा वाया गेल्या, तेव्हा त्यांनी त्याला शब्द दिला: ही सातशे पिल्लं निघाली नाहीत, तर मशीन विकून येईन.

विसाव्या दिवशी, पिल्लं निघायला एकच दिवस उरला असताना, सकाळी दहाला लाईट गेली. बाराला बॅटरीही बसली. वायरमन शिवूला गाठलं. तो म्हणाला, आपली बरीचशी वीज आता हजार किलोमीटरवरच्या वाळवंटातून येते, उन्हावर तयार झालेली. तिकडं दाट धुकं पडलंय, त्या ओलीनं वीज आणणारी मोठी लाईन बंद पडलीय, म्हणून वरच्या ऑफिसातून आपल्या भागाची वीज तोडलीय.

दगडाबाईंनी दारातल्या लख्ख उन्हाकडं बघितलं. "हितं ऊन हाय की."

मला शिवूचा उगाचच राग आला.

अंडी उबवायची, कंदिलावर चालणारी जुनी पेटी त्यांनी गेल्याच वर्षी देऊन टाकली होती. आता चोवीस तास वीज, असं वीज कंपनीचे साहेब गावच्या सभेत सांगून गेले होते. टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या.

जानेवारीचा गार वारा सुटला होता आणि मशीनवरचा तापमानाचा आकडा उतरत होता. थंडीतली कोकरं घोंगडीत गुंडाळून जगवलेली बाई ती. त्यांनी चार घोंगड्या काढल्या आणि आम्ही दोघींनी मशीन घट्ट आवळलं. हवेची भोकंसुद्धा बुजवली, ऊब तिथूनच जात होती ना. मी बारावी शास्त्र शिकलेली. शेवटच्या दिवसांत पिल्लाला हवा लागते, हे मला मेलीला आठवलं नाही. दगडाबाई सारख्या घोंगडीखाली हात घालून बघत होत्या, अजून ऊब हाय म्हणत होत्या.

साडेपाचला लाईट आली. घोंगड्या सोडून दार उघडलं तर कोंदट वास आला. त्यांनी एक अंडं कानाला लावलं, मग दुसरं, मग तिसरं. पन्नासेक तरी लावली असतील. काहींना आतून चोचीनं तडा गेलेला होता, पण आवाज एकातूनही येईना.

"म्याच कोंडलं गं त्यास्नी."

दोघींनी कोंडलं, असं मी म्हणायला हवं होतं. मशीनचा पंखा जोरात फिरत होता आणि आकडा अगदी बरोबर जागेवर आला होता.

"पूनम, बटन बंद कर," त्या म्हणाल्या. "आन् अजिनाथला फोन लाव."