शोभनाताईंचं स्पॅनिश कपाट

आखातातल्या ऊद मेथा भागातल्या आमच्या खाजगी वाचनालयात शोभनाताईंनी स्पॅनिश पुस्तकांसाठी कपाट मागितलं, ते दोन हजार आठ साल. बांधकाम कंपन्यांत आलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या इंजिनिअरांच्या बायका यायच्या, इंग्रजी मासिकं चाळायच्या आणि हात हलवत परत जायच्या. ताईंना ते बघवेना. मी तिथली दुसरी कर्मचारी, चार वर्षांपूर्वी ताईंसोबतच लागलेली. मी म्हटलं, घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. आधी आपली मराठी पुस्तकं लावा. पण मालक अजीजभाईंनी कपाट दिलं.

ताईंना स्पॅनिशचं अक्षर कळत नव्हतं. मदतीला आल्या पेरू देशातल्या दोलोरेस आजी, मुलाकडे राहणाऱ्या. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. दर शनिवारी त्या एकेक पुस्तक हातात घेऊन रडका नाहीतर हसरा चेहरा करत, आणि ताई त्यावर निळी किंवा पिवळी टिकली चिकटवत. मी तोंडावर हात धरून हसायचे. पण बायका येऊन थेट निळी टिकली उचलायच्या. रडक्या पुस्तकांना भलतीच मागणी होती.

मग मंदी आली. ताईंचे यजमान राजन यांना कंपनीने नारळ दिला. ते लेकीला, सृष्टीला घेऊन पुण्याला परतले. नोकरी टिकली म्हणून ताई जवळच्या करामा भागात एका खोलीत राहिल्या. स्पॅनिश कुटुंबंही निघाली, आणि जाताना पुस्तकांची खोकी आमच्या दारात ठेवून गेली. वर्षभरात कपाट गच्च भरलं आणि वाचक संपले. उरल्या एकट्या आजी. त्यांनी पुढची वर्गणी भरली तर कपाट ठेवू, अजीजभाई म्हणाले, नाहीतर खलास, तिथे शाळेची गाइडं लावू.

त्या शनिवारी आजी आल्या त्या खोकं घेऊनच. सोबतच्या सुनेने इंग्रजीत सांगितलं, उद्या विमान आहे. ताईंनी खोकं उतरवून घेतलं. आजी त्यांचे दोन्ही हात धरून स्पॅनिशमध्ये बराच वेळ बोलल्या. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या मराठीत म्हणाल्या, "तुम्ही गेलात की मला इथे बोलायला कुणी नाही हो आजी. शनिवारची वाट बघत मी आठवडा काढते."

आजींना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी ताईंच्या गालावरून हात फिरवला आणि त्या सुनेमागून निघाल्या.

मला सगळं कळलं. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसत होते.