लाल रेघ दिसेनाशी झाली तेव्हा

देवावर माझा विश्वास होता, पण तो सगळं सुरळीत चाललेल्या माणसाचा विश्वास होता, हे मला फार उशिरा कळलं. दोन हजार सालच्या आसपासची ही हकिकत आहे. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात मी विजेच्या पॅनलची ड्रॉइंग काढायचे. आधी बोर्डावर शाईच्या पेननं काढायचे, मग कॉम्प्युटर आले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मी माउस धरायला शिकले. काळ्या पडद्यावर तीन फेजच्या तीन रेघा: लाल, पिवळी, निळी. एका दुपारी वायरिंग करणारे शिंदेमामा प्रिंट घेऊन जिना चढून वर आले. "ताई, लाल फेज निम्म्यातच सोडली तुम्ही," ते म्हणाले. मी पडद्याकडे पाहिलं. तिथं लाल रेघ नव्हतीच. मामांनी काचेवर बोट टेकवलं. "ही काय, इथपर्यंत आलीये." त्यांच्या बोटाखाली मला नुसता काळोख दिसत होता.

डावा डोळा माझा लहानपणापासून अधू, सगळी भिस्त उजव्यावर. त्या संध्याकाळी आरशात पाहिलं तर कपाळावरचं कुंकू मातकट दिसलं. डबी बदलली, दुसरं लावलं, तेही तसंच. आठ दिवसांत पडद्याचा मधला भाग धुरकट झाला. तपासण्या झाल्या, एमआरआय झाला, आणि डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव उच्चारलं. मी काय काम करते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून म्हणाले, "वायरचं इन्सुलेशन जागोजागी निघावं, तसं नसांचं झालंय." नंतर ते बरंच काही बोलले, पण मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. बाहेर बाकावर राहिलेली माझी पर्स दाखवून एक बाई ती कुणाची असं विचारत होत्या, आणि मला माझीच पर्स ओळखता येत नव्हती.

पाच दिवस सलाइनमधून औषध घेतलं. नजर बरीचशी परत आली, लाल रंग मात्र आला नाही. कारखान्यात मी टायफॉइड झाला असं सांगितलं. माझे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर असत. ते म्हणाले, "साहेबांना खरं सांगून टाक." मी ऐकलं नाही. आंधळी होत चाललेली ड्रॉइंगवाली कोण ठेवील? वर्षभर मी रेघा अंदाजानं काढल्या, प्रत्येक प्रिंट घरी आणून भिंगाखाली तपासली. आमचं ऑफिस पत्र्याखाली होतं. उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास पडद्यावर धुकं उतरायचं. का, ते कळत नव्हतं. आजार पुढे सरकतोय असं वाटायचं.

एके दिवशी देवघरासमोर माझा तोल सुटला. सप्तशृंगी आमची कुलदेवता. तसबिरीकडे पाहून मी म्हणाले, "डोळे नीट कर, नाहीतर तुझं तोंड बघणार नाही." असं बोलून गेले आणि मनाला लागलं. माफी मागावी म्हणून पुढच्या मंगळवारी रजा टाकली आणि एकटीच एसटीनं गडावर गेले. वैशाखाचं ऊन होतं. पाचशेच्या वर पायऱ्या मी हट्टानं न थांबता चढले. रांगेतून पुढे सरकत गाभाऱ्यासमोर आले आणि समोरचं सगळं पांढरं झालं. समईची ज्योत नाही, पुढच्या बाईची पाठ नाही, देवी नाही. माझंच वाक्य माझ्या कानात आदळलं. तोंड बघणार नाही म्हणाले होते, आणि खरंच दिसत नव्हतं. मी थिजून उभी राहिले.

मागून कुणीतरी कोपर धरलं. "बाई, पायरी हाय पुढं."

"मला दिसत नाहीये," मी म्हणाले. परक्या माणसासमोर हे शब्द पहिल्यांदाच तोंडातून निघाले.

"मंग मी सांगते की," ती अगदी सहज म्हणाली. "लय उंच हाय आई. आपल्यापेक्षा मोठी. अठरा हात हायेत. शेंदरानं लालभडक दिसती. आज हिरवं लुगडं नेसवलंय. नाकात नथ हाय. मान जराशी कलती केलीय, कुणाचं तरी ऐकत असल्यावाणी." मागचे लोक ढकलत होते, पण तिनं मला हलू दिलं नाही. मी हात जोडले, तेव्हा ते देवीच्या दिशेला तिनंच वळवून दिले.

मग तिनं मला बाहेर सावलीत नेऊन बसवलं. "ऊन लागलंय तुला," म्हणाली, आणि आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. पदराचं टोक भिजवून मानेवर ठेवलं, ते तापलं की पुन्हा भिजवलं. पाव तास गेला असेल. आधी मला हिरव्या बांगड्या दिसल्या, मग झेंडूची रिकामी पाटी, मग कपाळावर गोंदलेली पन्नाशीची एक बाई. वर्षभर ज्या धुक्याचं कारण मला कळलं नव्हतं, ते एका बाटलीभर पाण्यानं ओसरलं होतं. मी काही बोलायच्या आत तिला कुणीतरी हाक मारली. "लिंबूपाणी पी, मंग उतर," एवढं सांगून ती गेली. मी नावही विचारलं नाही. पुन्हा रांगेत उभी राहिले. या खेपेला देवी दिसली, माझ्या डोळ्याला मातकट. पण ती लाल आहे हे मला आता पक्कं ठाऊक होतं.

डॉक्टरांना हे सांगताना मी संकोचले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "या आजारात अंग तापलं की नजर मंदावते, गार झालं की परत येते. गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर व्हायचं का असं?" व्हायचं. रोज व्हायचं. मी ते कधी कुणाला बोललेच नव्हते.

गडावर परक्या बाईला सांगता आलं, तर इथं का नाही, असं म्हणून दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वर्षभर एकटीनं रेटलंत? ड्रॉइंग चुकलं असतं तर खाली माणूस मेला असता, बाई." त्या वाक्यानं मी मुळापासून हादरले. माझ्या भीतीपुढे मी शिंदेमामांच्या जिवाचा विचारच केला नव्हता. मी राजीनामा पुढे केला, त्यांनी घेतला नाही. मोठी ड्रॉइंग छापणारा प्लॉटर ठेवलेल्या एसी खोलीत माझं टेबल हलवलं. माझ्या पडद्यावर लाल रेघेचा रंग बदलून पांढरा केला. माझं प्रत्येक ड्रॉइंग शिंदेमामा शेजारी बसून तपासू लागले. पुढची सहा वर्षं मी तिथं काम केलं.

त्या बाईला मी गडावर पुष्कळदा शोधलं, ती भेटली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. दिंडोरीकडची फुलं विकणारी असेल. आजार बरा झाला नाही, पाय आता जड पडतात. देवीकडे डोळे मागायचं मात्र मी थांबवलं. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून बसणं अशी माझी समजूत होती. माझ्या बाबतीत ते तोंड उघडणं ठरलं. मागच्या महिन्यात नाशिकच्या द्वारका चौकात रहदारीपुढे उभी होते. सगळ्या गाड्या एकमेकींत मिसळल्या होत्या. शेजारी कुणीतरी उभं असल्याची चाहूल लागली. मी म्हणाले, "मला नीट दिसत नाही. पलीकडे न्याल का?" माझ्या हाताला एक हात लागला. मी तो धरला आणि चालू लागले.