उलट्या शिवणीचे मोजे

नीलगिरीच्या तेलाचा वास आला की सर्दीने चोंदलेलं बालपण आठवायचं. पण गेल्या हिवाळ्यापासून त्या वासात एका जळत्या रानाचा धूर मिसळला आहे, जो मी कधी हुंगलेलाही नाही. माझी लेक रेवती ऑस्ट्रेलियात प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते. तिकडे वणवा पेटला तेव्हा तिने फोनवर एक कोआला मादी दाखवली. नीलगिरीच्या तापल्या खोडाला बिलगून राहिल्याने तिचे चारही पंजे भाजले होते. मलमपट्टीवर घालायला सुती मोजे हवे होते.

इकडे निजामपुऱ्यातल्या आमच्या गच्चीत, पौषाच्या कोवळ्या उन्हात, मी ह्यांच्यामागे जपून ठेवलेलं, सायीसारखं मऊ धोतर फाडलं. नाजूक जिवाला कोरं कापड लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत; रेवतीचं पहिलं झबलंही जुन्या धोतराचंच होतं. सवयीने मी मोज्यांना झबल्यासारखे बंद लावले.

"आई, बंद नकोत गं, नखांत अडकतात!" फोनवर पाहून लेक हसली. मी ते उसवले. शिवण मात्र तान्ह्याला टोचू नये म्हणून ठेवतात तशी बाहेरच होती. ती रेवतीला पसंत पडली. मोजे टपालाने रवाना झाले.

"मासी, आपडी विश्वामित्रीमां मगर ओछा छे?" शेजारच्या रमीलाबेननी गुजरातीत टोमणा मारलाच. आपल्या नदीतल्या मगरी सोडून परक्या जनावरासाठी डोळे कशाला फोडायचे?

"मगरीचे पंजे भाजले तर तिलाही शिवीन," मी म्हटलं. दया करायलाही रहिवासाचा दाखला लागतो की काय!

इथे आंब्याला मोहोर आला, तोवर त्या कोआलाचे पंजे भरून आले. पण तिला जिथे सोडायचं, ते वणव्यातून वाचलेलं रान आता नव्या वसाहतीसाठी तोडायला काढलं आहे. रेवती आणि तिच्या मैत्रिणी रोज सकाळी यंत्रांसमोर उभ्या राहतात.

"आई, उद्या पोलीस येणार आहेत," ती म्हणाली आणि थांबली. माझ्या नेहमीच्या "जपून गं"ची वाट पाहत असावी. जन्मभर मी तेच म्हणत आले. एकुलती एक लेक. भीती का नाही वाटणार? मांडीवर पुढच्या मोज्यांसाठी धोतराचा शेवटचा तुकडा होता.

"हलू नकोस तिथून," मी म्हटलं.

फोन ठेवून सुई हातात घेतली. दोरा ओवायला मात्र बराच वेळ लागला.