वीस लिटर भरायची नाही

ओआहाकातल्या आमच्या गावात घायपाताची दारू गाळणाऱ्या साठीच्या ओतिलियाबाई माझ्या प्रौढ वर्गात येत. एकदा मी गणित घातलं: सत्तर टक्क्यांची आणि वीस टक्क्यांची दारू किती किती मिसळली, तर पन्नास टक्क्यांची वीस लिटर होईल?

त्यांनी डोळे मिटले. दारूचा जोर जोखताना वाटीत तरंगणारे बुडबुडे त्यांना आत कुठेतरी दिसत असावेत.

“बारा आणि आठ, मास्तर. पण वीस भरायची नाही.”

“का म्हणून?” मी खेकसलो.

“पहिला घोट जमिनीचा.”

मी त्यांच्या वहीत फुली मारली.

रविवारी त्यांच्या भट्टीवर गेलो. धुरात ऊन पेंगत होतं. त्यांनी भरली वाटी हातात दिली. ओठांना लावण्याआधी माझा हात आपोआप झुकला, आईचा झुकायचा तसा. घोटभर दारू मातीत गेली.

ओतिलियाबाई हसल्या. “आता ती फुली खोडा की, मास्तर.”