जाहिदाची पाइपलाइन

होटगीचे पीरसाब रेल्वेतून निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांची मधली लेक जाहिदा सोलापुरात विरेशच्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. कंपनी कसली, चार टेबलांचं ऑफिस. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी ते सॉफ्टवेअर बनवायचे. पेशंटला मोबाइलवर रिपोर्ट दिसायचा, तो त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून.

जाहिदा कामाला नेटकी. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये काही नवं केलं की ते लॅबपर्यंत पोचवायचं काम हळूहळू तिच्याच गळ्यात पडलं. लॅपटॉपवरच्या फायली एकेक करून सर्व्हरवर चढवायच्या, एकही सुटता कामा नये. बाकीचे त्या कामाला हातच लावत नसत. त्यामुळे तिला सुट्टी अशी उरली नाही. सख्ख्या भावाच्या, आरिफच्या निकाहात ती मांडवामागे लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती.

आणि एकदा एक फाईल सुटलीच. वैरागच्या लॅबमध्ये सकाळी माणसं ताटकळली, कुणाचाच रिपोर्ट उघडेना. तिनं धावपळ करून सगळं जाग्यावर आणलं. विरेशनं तिला दोष दिला नाही, पण तेव्हापासून फायली चढवायची वेळ आली की ती एकेक फाईल तीन-तीनदा तपासायची. शेवटी ती त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, हे काम माझ्या हातात राहायला नको. कुणाच्याच हातात नको."

तिच्या मनात पाइपलाइन होती. कुणीही कोड बदलला की एका कोऱ्या मशीनवर सगळं सॉफ्टवेअर पहिल्यापासून तयार होणार, त्याच्या चाचण्या होणार, आणि त्या पास झाल्या तरच ते आपोआप सर्व्हरवर जाणार. विरेशला हे एकदम पटलं नाही. चाललंय ते बिघडायला नको, असं त्याचं म्हणणं. मग तिनं आधी फक्त चाचण्या लावायचं ठरवलं. सर्व्हरला हात लावायचा नाही.

पहिल्याच खेपेला स्क्रीनवर लाल फुली आली, म्हणजे नापास. दुरुस्त केलं, पुन्हा लाल. दोन दिवस ती त्या फुलीशी झटत होती. अखेर कळलं, की सॉफ्टवेअर तयार करताना लागणारा एक छोटा तुकडा तिच्या लॅपटॉपवर कधीकाळी टाकलेला होता आणि दुसरीकडे कुठंच नव्हता, कुठं त्याची नोंदही नव्हती. लॅपटॉप बिघडला असता तर ते सॉफ्टवेअर पुन्हा उभं करणं मुश्कील होतं. हे ध्यानात आल्यावर ती हबकली, आणि पाठोपाठ तिला हायसंही वाटलं. निदान आता कळलं तरी. तिनं तो तुकडा कोडमध्ये रीतसर नोंदवला. हिरवी खूण आली. मग सरावाच्या सर्व्हरवर काही दिवस चालवून बघितलं, तेव्हा कुठं विरेशनं खऱ्या सर्व्हरला परवानगी दिली.

त्यानंतर महिन्याभरानं बहिणीच्या मुलीचा, आयतचा अकीका, म्हणजे बाळ जन्मल्यावरचा समारंभ होता, अकलूजला. जाहिदा लॅपटॉप न घेता गेली. जेवणाच्या पंगती बसत होत्या तेवढ्यात विरेशचा फोन आला. एका लॅबच्या मागणीवरून त्यानं स्वतःच एक बदल केला होता.

"जाहिदा, लाल आलंय की. आता काय करू?"

जुन्या सवयीनं तिनं आधी लॅपटॉपसाठी इकडंतिकडं पाहिलं. मग तिनं शांतपणे विचारलं, लॅबमध्ये रिपोर्ट उघडतायत का? उघडत होते.

"मग काही करू नका, सर. तुमचा बदल वर गेलेलाच नाही. जुनं आहे ते चालू आहे."

मग लाल खुणेखाली काय लिहिलंय ते तिनं त्याला वाचायला लावलं. तारखेच्या रकान्यात त्याची चूक झाली होती. ती त्यानंच सुधारली, आणि थोड्या वेळानं हिरव्या खुणेचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "गेलं वर. तू आरामात ये."

जाहिदानं दोनदा वाचलं. जेवणं आटोपल्यावर ती बहिणीच्या आतल्या खोलीत पंख्याखाली जरा टेकली, ती आयतच्या शेजारीच गाढ झोपून गेली. पाहुणे निघाले, आई दोनदा येऊन बघून गेली, पण तिला कुणी उठवलं नाही.